दुमाल्याचे दप्तर : शिरूर-दौंडच्या इनाम जमिनी आणि पुण्याचे पुराभिलेखागार

पुण्याचे पुराभिलेखागार पेशवे दप्तर या नावाने सर्वत्र ओळखले जाते. मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे. पण हे दप्तर एकत्र जुळले, टिकले आणि त्याला सरकारी खात्याचे रूप आले ते इतिहासासाठी नव्हे. जमिनीवरचा सारा कोणी द्यायचा आणि कोणाला माफ, हा प्रश्न सोडवण्यासाठी इंग्रजांना या कागदांची गरज होती. कित्येक वर्षे या कचेरीचे नावच एलिएनेशन ऑफिस असे होते. सरकारने ज्या जमिनीवरचा आपला साऱ्याचा हक्क सोडून दिला, ती दुमाला जमीन. तिचा हिशेब ठेवणारी ही कचेरी. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील देशमुख, पाटील, सरदार, देवस्थाने आणि बलुतेदार यांच्या शेकडो जमिनींचे भवितव्य येथल्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर, ठरले.

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा मुलूख जुन्या वतनांचा आहे. दौंड तालुक्यातील हिंगणी बेरडी आणि देवळगाव या भीमाकाठच्या गावांची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीचा विस्तार याच पट्ट्यात होता. शिरूर तालुक्यात तळेगाव हे गाव ढमढेरे सरदारांच्या नावानेच ओळखले जाते, तर मलठणला पवारांचा वाडा आहे. घोड नदीच्या काठी, उत्खननामुळे जगाला माहीत झालेल्या गावाचे नाव इनामगाव आहे. रांजणगावच्या महागणपतीसारखी देवस्थानेही याच भागातली. नदीपलीकडे श्रीगोंदे हे शिंद्यांचे ठाणे. 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांची पेशव्यांच्या मुलखातली वडिलोपार्जित गावे त्यांच्याकडे ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. अट एवढीच, की तेथे फौज आणायची नाही. स्थानिक सत्ताधीशांच्या जमिनीबद्दल इंग्रजांनी दिलेल्या लेखी हमीचे या परिसरालगतचे हे एक आरंभीचे उदाहरण.

त्या सुमारास शिरूरला, म्हणजे घोडनदीला, कंपनीची छावणी पडली होती. वसईच्या तहाने पेशव्यांनी जी तैनाती फौज पत्करली, तिचे हे मोठे ठाणे. 1817 अखेर युद्ध पेटले तेव्हा पुण्याच्या मदतीला निघालेली कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहूनच निघाली आणि 1 जानेवारी 1818 रोजी भीमेकाठच्या कोरेगावला तिची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. पुढे त्या लढाईचा स्तंभ उभा राहिला, आणि लढाईत जखमी झालेल्या एका जमादाराला स्तंभाच्या राखणीसाठी कंपनीने 1824 मध्ये जमीन लावून दिली. जुनी इनामे तपासायला निघालेले सरकार नवी इनामे देतही होते, ही गोष्ट पुढचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी जे वचन आहे, ते 11 फेब्रुवारी 1818 चे. सातारा हाती आल्यावर कंपनीचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याची सत्ता संपली असून मुलूख कंपनीच्या अमलाखाली येईल, मात्र वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांच्या व धर्मादायाच्या नेमणुका सांभाळल्या जातील, असे त्यात म्हटले होते. वतनदारांनी दोन महिन्यांच्या आत बाजीरावाचे निशाण सोडून घरी परतावे, नाहीतर वतन जाईल, ही तंबीही त्यातच होती. वचन आणि धमकी एकाच कागदावर होती, आणि दोन्ही परिणामकारक ठरली. भीमथडीच्या घोडेस्वारांची घरे गावोगाव होती. शेत राहणार या भरवशावर पुष्कळजण परतले. एल्फिन्स्टनला या वर्गाच्या संतोषाचे मोल कळत होते. 25 ऑक्टोबर 1819 च्या त्याच्या अहवालात जुन्या घराण्यांना फार धक्का लागू नये हा सूर स्पष्ट आहे. त्याच्यानंतरचा कमिशनर चॅप्लिन याचेही धोरण बहुतांशी तेच होते. 1827 च्या रेग्युलेशनांनी सरदारांचे तीन वर्ग ठरवले. त्यांच्यावरचे दावे साध्या कोर्टांत न चालता सरदारांच्या एजंटापुढे चालत.

पेशव्यांचे दप्तर या काळात कंपनीच्या ताब्यात आले आणि एल्फिन्स्टनने ते लावण्याचे काम मॅक्लिओड या अधिकाऱ्याकडे दिले. रोजकीर्दी, ताळेबंद, घडण्या, प्रांत अजमास असे कागदांचे गठ्ठे पुन्हा बांधले गेले. कोणते गाव खालसा, कोणते सरंजामात, कोणाला किती वर्षासन, हे त्यांतून कळू लागले. सुरुवातीला त्याचा उपयोग राज्य चालवण्यापुरता होता. इनामदाराने सनद दाखवली, गावाने दुजोरा दिला, वहिवाट दिसली, की बहुधा इनाम चालू राही.

ही रीत दोन दशकांत पालटली. प्रिंगल या अधिकाऱ्याच्या मोजणीने आकारलेला जबर सारा वसूल होईना, गावे ओस पडू लागली. 1835-36 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवी मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत भीमथडी व शिरूरकडे आली. आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा मोठा भाग तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात मोडत होता. शेत मोजून नंबर पाडला की त्यावर आकार बसतो, आणि आकार बसला की कोणत्या नंबरचा आकार सरकारला मिळत नाही हेही रुपया-आण्यांत दिसते. करमाफीचा तोटा मोजता येऊ लागला, आणि मोजता आल्यावर तो सरकारला खुपू लागला. बनावट सनदांची, कारकुनांशी संगनमताची ओरड खरीही होती. पेशवाईच्या शेवटच्या धामधुमीत लबाडीने हक्क चढवणारे होतेच. पण त्या ओरडीआड तिजोरीची निकडही होती, हे नाकारता येत नाही.

1843 मध्ये दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली. 1852 च्या 11 व्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे कायदेशीर रूप मिळाले आणि ती पुणे जिल्ह्याला लागू झाली. या कायद्याची रचना नीट समजून घेतल्याशिवाय शिरूर-दौंडच्या इनामदारांची अडचण कळत नाही. इंग्रज सरकारने किंवा त्याच्या अधिकारी माणसाने वंशपरंपरा चालवण्याचे स्पष्ट कबूल केलेले इनाम चालू राहायचे. बाकीच्यांना वर्षांची कसोटी होती. इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वी सलग साठ वर्षे इनाम चालले असेल आणि तेव्हा ते मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या पुरुषवंशजाकडे असेल, तर पुरुष वारस असेपर्यंत ते चालायचे. चाळीस वर्षे चाललेले असेल तर एक पिढी पुढे. त्याहून कमी असेल तर धारकाच्या हयातीपुरते.

साठ वर्षांचा हिशेब पुणे प्रांतात मांडला तर तो 1758 च्या आसपास जाऊन थांबतो. म्हणजे पानिपतच्या आधी. 1761 मध्ये पानिपतावर या भागातली कितीतरी घरे उजाड झाली, आणि थोरल्या माधवरावांच्या काळात पडलेल्या शिलेदारांच्या मुलाबाळांना ठिकठिकाणी जमिनी लावून देण्यात आल्या. रक्त सांडून मिळालेल्या अशा इनामांना साठ वर्षांची रेषा गाठणे कालगणनेनेच अशक्य होते. फार तर चाळीस वर्षांच्या नियमाची सवलत. 1818 च्या जाहीरनाम्यात असा भेद कुठेच नव्हता. वचन सरसकट होते. सरकारने पुढे केलेली वर्षांची अट म्हणजे त्या वचनाचा संकोच होता, असेच म्हणावे लागते.

चौकशीची रीत अशी. इनामदाराने कैफियत द्यायची. जमीन कोणत्या गावी, किती बिघे, कोणी दिली, कशाबद्दल दिली, सनद आहे की नाही, वंशावळ काय, उत्पन्न किती, वाटेकरी किती, हे सारे तीत लिहायचे. सोबत मूळ सनद. मग कारकून सनद उजेडात धरून कागद पाहत, शिक्का आणि मोर्तब जुळतात का ते तपासत, शुहूर सनाचा इसवी सनाशी मेळ घालत. सनदेच्या पाठीवर ‘सुरू सूद बार’ अशी दप्तरातली नोंद आहे का, ते पाहत. तेवढ्याने भागत नसे. त्या तारखेच्या रोजकीर्दीत सनद दिल्याची नोंद हवी आणि त्या गावाच्या हिशेबात पुढची साले ती जमीन इनाम म्हणून वजा घातलेली हवी. पुण्याच्या दप्तराचे महत्त्व इथे एकदम वाढले. इनामदाराच्या देवघरातल्या पेटीत जपलेला कागद खरा की खोटा, हे पुण्याच्या रुमालातला दुसरा कागद सांगू लागला. रुमाल सापडला नाही, वाळवी लागलेली निघाली, ते सालच गहाळ असले, तर तोटा इनामदाराचा. पुराव्याचा भार त्याच्यावर, दप्तर मात्र सरकारच्या कुलपात.

कमिशनच्या माणसांनी देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरचे जुने कागदही मागवून घेतले. त्यांतून जमलेला संग्रह पुराभिलेखागारात आजही ‘जमाव दप्तर’ या नावाने आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा ठेवा अनमोल वाटतो, आणि तो आहेच. पण पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले गाठोडे सरकारी माणसाच्या हवाली करताना त्या घरांना काय वाटले असेल, याचाही विचार जमाव दप्तराचा इतिहास सांगताना व्हायला हवा. निकालाविरुद्ध अपील सरकारकडेच; दिवाणी कोर्टाचे दार बंद. वादी, न्यायाधीश आणि साक्षीदाराचा रखवालदार एकच, अशी ही व्यवस्था होती.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. इनाम ‘खालसा झाले’ म्हणजे दर वेळी शेत हिसकावले गेले असे नव्हे. कसणाऱ्या इनामदाराकडे शेत राही, पण त्यावर पूर्ण आकार बसे. गावच इनाम असेल तर रयत पूर्वी जो सारा इनामदाराला देत असे, तो आता सरकारात भरू लागे. छोट्या धारकाला साऱ्याचे ओझे झाले, तर मोठ्या घराण्याचे उत्पन्नच बुडाले. 1857 पूर्वीच्या पाच वर्षांत मुंबई इलाख्यात सुमारे 35,000 इनामांची चौकशी झाली आणि त्यांतली वीस हजारांहून अधिक खालसा झाली, असा आकडा इतिहासग्रंथांतून दिला जातो. धारवाडकडे असंतोषाने उग्र रूप घेतले. 1858 मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांच्या बंडात मारला गेलेला पोलिटिकल एजंट मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनमध्ये काम केलेला अधिकारी होता. त्यानंतर सरकारने हात आखडला.

या माघारीतून 1863 चा दुसरा कायदा आला. त्याला सरसकट तोडगा म्हणता येईल. ज्याला चौकशी नको, त्याने सनदेचा खल न करता ठरावीक रक्कम भरावी आणि इनाम कायमचे करून घ्यावे. आकाराच्या चौथाईइतकी जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, आणि रुपयामागे एक आणा नजराणा, असा दर होता. शंभर रुपये आकाराच्या जमिनीवर पंचवीस रुपये जुडी आणि सव्वासहा रुपये नजराणा. बदल्यात नवी सनद मिळे आणि जमीन वारसाहक्काने चालवायला, दत्तकाला द्यायला, विकायलाही मोकळी होई. सरंजाम, देवस्थान आणि चाकरीच्या जमिनी यातून वगळल्या होत्या. देशमुख-देशपांड्यांच्या वतनांचा निकाल गॉर्डन सेटलमेंटने लागला: चाकरी माफ, त्याऐवजी जुडी. या व्यवहाराकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. इनामदाराची टांगती तलवार गेली, हे खरे. पण जे पूर्ण माफीचे म्हणून कबूल केले होते, त्यावर आता वर्षाला रुपयातले पाच आणे द्यावे लागत होते. 1818 चा शब्द सरकारने पाच आणे कमी करून पाळला.

कमिशनचे काम आटोपले तरी कागद राहिले, आणि ते सांभाळणारी कचेरीही. कर्नल एथरिज या अधिकाऱ्याने 1873 च्या सुमारास कमिशनची हकिगत लिहून काढली. तिच्यात कायद्याची बाजू बारकाईने येते, इनामदाराची जवळजवळ नाही. 1871 च्या पेन्शन कायद्याने आणि 1876 च्या महसूल अधिकारक्षेत्राच्या कायद्याने करमाफीचे वाद दिवाणी कोर्टांबाहेर ठेवले. त्यामुळे एलिएनेशन ऑफिसातला उतारा हाच अखेरचा आधार ठरला.

याच वर्षांत शिरूर आणि भीमथडी या दोन तालुक्यांची नावे देशभर गाजली. 1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर घेतले. देशमुखांनी गाव उभे केले आणि सावकारांवर बहिष्कार पडला. 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्याला दंगल उसळली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. फेरमोजणीत वाढलेला सारा, कापसाचे कोसळलेले भाव आणि सावकारी ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. करड्याच्या प्रकरणात मात्र आणखी एक गोष्ट दिसते. परगण्याच्या वतनाचे नाव लावणारा माणूस दीडशे रुपयांसाठी घर गमावतो, इतके या वर्गाचे बळ ओसरले होते. 1874 च्या वतन कायद्याने वतनी जमीन वतनदाराच्या हयातीपलीकडे परक्याला देण्यावर बंदी घातली. तिचा आसरा मोठा होता. 1863 च्या तोडग्याने विक्रीला मोकळ्या झालेल्या इनाम जमिनींना तो नव्हता.

विसाव्या शतकाकडे येताना दप्तराचे रूप बदलत गेले. 1891 च्या सुमारास त्याला स्वतःची दगडी इमारत मिळाली. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून निवडलेले उतारे ग्रंथरूपाने बाहेर आले. अभ्यासकांना दप्तर खुले करावे ही मागणी मात्र सरकार बराच काळ टाळत राहिले. इनामांचे जुने निकाल पुन्हा उकरले जातील ही भीती त्यामागे होती. अखेर 1930 ते 1934 या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. जवळजवळ 35,000 रुमालांतून ही निवड झाली. महसुलाचे कागद त्यांत तुलनेने कमी आले, कारण त्या काळच्या अभ्यासकांचे लक्ष लढाया आणि राजकारणाकडे होते. शिरूर-दौंडच्या गावांचा शेतसाऱ्याचा इतिहास बराचसा अजून मोडीतच आहे.

स्वातंत्र्यानंतर करमाफीचा मूळ पायाच काढून घेण्यात आला, आणि ते योग्यच झाले. जमीन कसणाऱ्याची हे तत्त्व मान्य केल्यावर साऱ्याच्या वाट्यावर जगणारा मधला हक्कदार टिकणे शक्य नव्हते. परगणा व कुलकर्णी वतने 1 मे 1951 पासून गेली. सरंजाम व राजकीय इनामे 1 नोव्हेंबर 1952 रोजी, जात (म्हणजे वैयक्तिक) इनामे 1 ऑगस्ट 1953 रोजी संपली. 1959 मध्ये महार, रामोशी आदींची कनिष्ठ गावकामगार वतने आणि 1 जानेवारी 1963 रोजी पाटीलकीचे हक्क संपुष्टात आले. देवस्थान इनामे तेवढी राहिली. मात्र सर्वांना सारखा न्याय झाला असे म्हणता येत नाही. जात इनामदाराची कसती जमीन बहुधा जुन्या शर्तीने त्याच्याकडे राहिली. महार वतनाची जमीन कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर नवीन अविभाज्य शर्तीने परत मिळाली, आणि परवानगीवाचून ती विकता येत नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सरकारची आणि गावाची चाकरी केली, त्यांच्याच सातबाऱ्यावर सर्वांत कडक शेरा आला.

हे शेरे आजही जिवंत आहेत. तलाठ्याकडचा गाव नमुना 3 म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही. इनाम वर्ग 1 सरंजाम, 2 जात इनाम, 3 देवस्थान, 6 ब महार वतनासारख्या जमिनी, ही वर्गवारी शिरूर-दौंडच्या गावांतून शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. रांजणगावला औद्योगिक वसाहत आली, कुरकुंभला रासायनिक कारखाने आले, रस्ते रुंदावले. भूसंपादनाच्या प्रत्येक वेळी मोबदला कोणाला हा प्रश्न जुन्या शेऱ्यापाशी येऊन थांबला. कूळ, इनामदाराचे वारस, देवस्थानाचे विश्वस्त आणि सरकार असे चारही पक्ष एकाच गटावर उभे राहिल्याची उदाहरणे महसुली कचेऱ्यांत नवी नाहीत.

अशा वेळी तहसील कचेरीतून अर्जदार पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे वळतो. गावाचे नाव, जुना परगणा आणि शक्य असल्यास मूळ इनामदाराचे नाव सांगून तो शोध मागतो. शिरूर तालुक्यातले गाव जुन्या काळी कोणत्या परगण्यात होते आणि दौंडचे गाव भीमथडीच्या कोणत्या यादीत सापडेल, हे ठाऊक असलेला जाणकार इथे अजूनही लागतो. रुमाल निघतो, मोडी वाचणारा नोंद वाचतो, तिचे बाळबोध लिप्यंतर होते आणि प्रमाणित नक्कल मिळते. मोडी जाणणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून प्रशिक्षणवर्ग चालतात, आणि कागदांच्या डिजिटल प्रती करण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. इनाम कमिशनच्या काळात धारकाला जो कागद पाहायलाही मिळत नव्हता, त्याची नक्कल आता ठरावीक शुल्क भरून कोणालाही मागता येते.